घरच्या घरी आयपीएल: प्रकाशाने केस कसे कमी होतात आणि सुरुवात कशी करावी

नवं यंत्र खोक्यातून काढलं की लगेच बटण दाबून बघावंसं वाटतं. दोन दिवस धीर धरा. घरच्या आयपीएल यंत्राबद्दल माझ्या कानावर येणाऱ्या तक्रारी दोन टोकांच्या असतात. एक, 'महिनाभर वापरलं, काडीचा फरक नाही.' दुसरी, 'कातडीवर डाग पडले.' दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच कारण निघतं: यंत्र काय करतं हे कुणी नीट समजावून सांगितलेलंच नसतं. ते समजायला फार विज्ञान लागत नाही. एवढंच पक्कं लक्षात ठेवायचं की या प्रकाशाला केस ओळखता येत नाही, त्याला फक्त गडद रंग कळतो. पुढचे झाडून सगळे नियम यातूनच निघतात.

प्रकाश आत जाऊन काय करतो

आयपीएल म्हणजे इन्टेन्स पल्स्ड लाइट. यंत्रात झेनॉन वायूचा दिवा असतो, कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या जातीचा, पण त्याहून कितीतरी जोरकस. लेझरमध्ये एकाच तरंगलांबीचा प्रकाश असतो. अलेक्झांड्राइट लेझरचा 755 नॅनोमीटर, डायोड लेझरचा 810च्या आसपास. आयपीएलमध्ये साधारण 500 ते 1200 नॅनोमीटरचा अख्खा पट्टा एकदम बाहेर पडतो. त्याखालचा अतिनील भाग यंत्रातला फिल्टर गाळून टाकतो. त्यामुळे 'घरात बसून किरणोत्सर्ग घेतोय' अशी धास्ती बाळगायचं कारण नाही. इथली खरी जोखीम उष्णतेची आहे.

उन्हात काळी छत्री आणि पांढरी छत्री शेजारी ठेवून थोड्या वेळाने हात लावून बघा. काळी जास्त तापलेली असते. केसाचं तसंच होतं. केसातलं मेलॅनिन, म्हणजे केसाला काळा-तपकिरी रंग देणारं द्रव्य, प्रकाश शोषून घेतं आणि तापतं. ती उष्णता केसाच्या दांड्यातून मुळाच्या आजूबाजूच्या पेशींपर्यंत पसरते, आणि केस उगवणारी तीच जागा दुखावते.

मेलॅनिन कातडीतही असतं. मग कातडी का भाजत नाही? इथे वेळेचं गणित कामाला येतं. कातडीचा वरचा थर पातळ असतो, तो काही मिलिसेकंदांत निवतो. केसाचं जाड मूळ मात्र ऊब जास्त वेळ धरून ठेवतं. प्रकाशाचा झोत योग्य लांबीचा दिला तर कातडी सावरते आणि मुळाला चटका बसतो. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोन त्वचातज्ज्ञांनी 1983 साली हे तत्त्व मांडलं, आणि लेझर काय, आयपीएल काय, केस काढण्याची सगळी प्रकाशयंत्रं त्यावरच उभी आहेत. गडद केस आणि त्यामानाने उजळ कातडी असेल तर हे गणित छान जमतं. कातडी जितकी गडद, तितका प्रकाश वाटेतच अडतो आणि वरचा थर तापतो.

आता घरचं यंत्र आणि क्लिनिकमधलं यंत्र यांतला फरक. ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात, दर चौरस सेंटिमीटरला किती पडली यावर. घरच्या यंत्रांची मजल साधारण 2 ते 6 ज्यूलपर्यंत असते; क्लिनिकमध्ये 10च्या पुढे, कधी 30-40पर्यंतही जातात. घरचं यंत्र मुद्दाम सौम्य ठेवलेलं असतं, कारण ते वापरणारा माणूस प्रशिक्षित नसतो. त्यामुळे त्यातून बरीचशी मुळं मरत नाहीत. ती वेळेआधी विश्रांतीत जातात. काही दमून बारीक, फिकट केस काढायला लागतात, काही कायमची बंद पडतात, काही सहा महिन्यांनी पुन्हा जागी होतात. म्हणून या प्रकाराला 'केस कमी करणं' म्हणावं. 'कायमचे घालवणं' असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. केस विरळ आणि मऊ होतात, रेझर आठवड्याला लागायचा तो महिन्या-दीड महिन्याला लागतो. माझ्या मते एवढं मिळालं तरी पुष्कळ आहे, पण अपेक्षा आधीच तेवढी ठेवलेली बरी.

एका वेळी सगळे केस सापडत नाहीत

प्रत्येक केस तीन अवस्थांतून जातो: वाढीचा काळ, मग दोन-तीन आठवड्यांचा आवरतं घेण्याचा काळ, मग विश्रांती. वाढत्या केसाचं बूड मुळाला घट्ट धरून असतं आणि त्यात रंग भरपूर असतो, त्यामुळे उष्णता मुळापर्यंत पोचते. विश्रांतीतला केस वर सरकलेला असतो. त्याच्यावर प्रकाश टाकला तर केस तापेल, पण खालच्या मुळाला पत्ताही लागणार नाही.

डोक्यावरचे बहुतेक केस कोणत्याही क्षणी वाढीत असतात. पायांवर ढोबळमानाने पाचातला एखादाच वाढीत असतो, बाकीचे निजलेले. याचा अर्थ तुम्ही कितीही मन लावून काम केलं तरी एका बैठकीत पायावरच्या थोड्याच केसांना हात लागतो. उरलेले पुढच्या पंधरवड्यात, त्यापुढच्या पंधरवड्यात जागे होतील. एक-दोन बैठका करून यंत्र कपाटात टाकणाऱ्यांना 'चालत नाही' असं वाटतं ते यामुळे.

आधी स्वतःला तपासा

केसांचा रंग बघा. काळे, गडद तपकिरी, मध्यम तपकिरी: चालतील. पांढरे, राखाडी, लालसर, अगदी सोनेरी: चालणार नाहीत, कारण प्रकाशाला पकडायला त्यांत पुरेसा गडद रंग नाही. काखेत चार पांढरे केस असतील तर ते तसेच राहणार. सेटिंग वाढवून काही होत नाही.

मग कातडीचा रंग. यंत्रासोबत एक रंगपट्टी येते, तिच्यावर 1 ते 6 असे टप्पे असतात. ही थॉमस फिट्झपॅट्रिक या त्वचातज्ज्ञाची मोजपट्टी आहे, 1975 सालची. ती मुळात गोऱ्या कातडीला अतिनील उपचारांची मात्रा ठरवण्यासाठी केली होती; तपकिरी आणि काळ्या कातडीचे टप्पे नंतर जोडले गेले. हे मुद्दाम सांगतो, कारण गव्हाळ आणि सावळ्या रंगाच्या लोकांची या पट्टीवर चूक हमखास होते. आपण स्वतःला एक टप्पा उजळ समजतो. पट्टी दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, जिथे यंत्र वापरणार त्याच जागेवर धरा. चेहऱ्यावरून ठरवू नका. काख, गुडघा, घोटा हे भाग बाकीच्या अंगापेक्षा गडद असतात, तेव्हा प्रत्येक भागाचा निकाल वेगळा लावा. बरीचशी घरची यंत्रं चौथ्या टप्प्यापर्यंत चालतात, काही पाचव्यापर्यंत. सहाव्या टप्प्याच्या गडद कातडीवर घरचं आयपीएल वापरायचं नाही. तिथे क्लिनिकमधला एनडी-याग लेझर हा मार्ग आहे. त्याचा 1064 नॅनोमीटरचा प्रकाश कातडीतल्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो आणि जास्त खोल जातो.

काही परिस्थितींत थेट थांबायचं. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना यंत्र वापरू नका. त्या काळातल्या सुरक्षिततेच्या चाचण्या झालेल्या नाहीत. प्रकाशाच्या झोताने आकडी येण्याचा त्रास असेल, ल्युपस किंवा पॉर्फिरिया (उजेडाने कातडीला त्रास होणारे आजार) असेल, जखमेवर फुगीर वण उठण्याची प्रवृत्ती असेल, त्वचेचा कर्करोग होऊन गेला असेल, तर नको. प्रकाशाला कातडी हळवी करणारी औषधं चालू असतील तरीही नको: डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविकं, मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन. रेटिनॉइड क्रीम (मुरमं-सुरकुत्यांसाठीचं) लावत असलात तर त्या भागावर नको. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

तीळ, गडद वांग, गोंदण आणि टॅटू यांवर झोत टाकायचा नाही. आता कारण सांगायला नकोच. तिथे गडद रंग एकवटलेला असतो, सगळा चटका तिथेच बसतो. टॅटूपासून तर बोटभर अंतर ठेवाच. स्तनाग्रं, ओठ, जननेंद्रियांचा आतला नाजूक भाग, नाक-कानाच्या आत: नाही. आणि डोळ्यांच्या आसपास, भुवयांवर: कधीच नाही. बुबुळातही रंगद्रव्य असतं. पापणी मिटली म्हणून प्रकाश थांबत नाही, आणि भुवयांजवळ आयपीएल वापरल्यामुळे डोळ्याला आतून इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या आहेत.

पॅच टेस्ट: हे वगळू नका

ज्या भागावर काम करणार, तिथल्या कोपऱ्यातल्या थोड्या जागेवर सगळ्यात खालच्या सेटिंगचा एक झोत द्या. शेजारच्या जागेवर एक पायरी वर. सहन झालं, तर त्याच्या शेजारी आणखी एक. एकाच जागी दोनदा नाही. मग 24 तास थांबा, गडद कातडीसाठी 48. थोडी ऊब आणि हलकी लाली काही तासांत ओसरायला हवी. जिथे लाली टिकली, फोड आला, किंवा कातडी काळवंडली, त्याच्या खालची पायरी तुमची. तीही जड गेली तर हे यंत्र तुमच्यासाठी नाही, हेच उत्तर समजा.

बैठकीची तयारी

केस मुळापासून उपटायचे नाहीत. वॅक्सिंग, थ्रेडिंग, एपिलेटर, चिमटा हे सगळं चार आठवडे आधीपासून बंद. प्रकाशाने मुळापर्यंत जायचं ते केसावरून. केसच उपटला तर आत तापायला काही उरत नाही. नवख्यांची सगळ्यात जास्त मेहनत इथेच वाया जाते, तीही नकळत, कारण यंत्र चालतं, झोत पडतो, सगळं नीट झाल्यासारखं वाटतं.

रेझरने मात्र आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी साफ करायचंच. कातडीच्या वर उरलेला खुंट प्रकाश आधी खातो, जळतो आणि कातडीला चटका देतो. जळक्या केसांचा वास आला की समजा, रेझर नीट फिरलेला नाही. कापलं-खरचटलं असेल तर ती जागा भरून येईपर्यंत सोडा.

कातडी धुऊन पूर्ण कोरडी करा. तेल, लोशन, डिओ, अत्तर, पावडर, काहीही नको. बधिर करणारं क्रीम तर अजिबात नको. दुखणं ही इथे सूचना असते, ती बंद केली तर जास्त भाजतंय हे कळणार कसं? काही यंत्रांत थंड होणारी काच असते. तिने चरका कमी जाणवतो, एवढाच तिचा उपयोग. 'काही वाटत नाही' म्हणून सेटिंग वर ढकलू नका.

उन्हाचा हिशेब वेगळा ठेवा. कातडी उन्हाने रापली असेल तर रंग उतरेपर्यंत, दोन ते चार आठवडे थांबा. ही माझी स्वतःची चूक आहे. दिवसभर उन्हात हिंडून आल्यावर तिसऱ्या दिवशी हातांवर नेहमीच्याच सेटिंगने बैठक केली. चरका थोडा जास्त वाटला, तरी रेटलं. दुसऱ्या दिवशी मनगटाच्या वर पाच तपकिरी चौकोन उमटले होते, यंत्राच्या खिडकीच्या, म्हणजे प्रकाश बाहेर पडतो त्या काचेच्या मापाचे, ओळीत. ते पूर्ण जायला अडीच महिने लागले. आदल्या महिन्यात सोसलेली सेटिंग रापलेल्या कातडीला सोसत नाही. यंत्र तेच असलं तरी कातडी बदललेली असते.

प्रत्यक्ष झोत

पहिली बैठक पोटरीवर करा. जागा मोठी, बऱ्यापैकी सपाट, आणि डोळ्यांसमोर. कातडी ताणून धरा, खिडकी पूर्ण टेकवा. कडेने फट राहिली तर सेन्सर झोत सोडतच नाही, आणि ते आपल्या भल्यासाठीच असतं. बटण दाबलं की पांढरा लख्ख प्रकाश, पाठोपाठ गरम टिचकी; कुणी रबरबँड ओढून सोडल्यासारखी. झोताकडे बघू नका. सोबत चष्मा आला असेल तर घाला, खोलीत दिवा चालू ठेवा म्हणजे डोळ्यांना कमी त्रास होतो.

आता खिडकी उचला आणि नीट बघा. दाबामुळे कातडीवर फिकट चौकोन उमटलेला असतो, काही सेकंद टिकतो. पुढचा झोत त्या चौकोनाच्या कडेला लावून द्या. ही युक्ती कळली की रांगा सरळ जातात. एकावर एक झोत पडत नाहीत आणि मध्ये पट्टेही सुटत नाहीत. नाहीतर तीन आठवड्यांनी पायावर केसांच्या रेघा दिसतात, नीट राखलेल्या बांधासारख्या, आणि कुठे सुटलं ते तेव्हा कळतं. घसरत नेण्याची सोय बऱ्याच यंत्रांत असते. मोठ्या भागावर वेळ वाचतो, पण पहिल्या दोन बैठका एकेक ठसा देत करा, हात बसू द्या.

नडगी आणि घोट्याच्या हाडावर चरका जास्त लागतो. तिथली कातडी ओढून मांसल भागावर आणा, किंवा एक पायरी खाली या. काखेत केस जाड आणि दाट असतात, उष्णता जास्त साठते. सुरुवातीला तिथेही खालचीच सेटिंग ठेवा. केस विरळ झाले की चरकाही आपोआप कमी होतो.

वेळेचा अंदाज असावा म्हणून हिशेब सांगतो. गुडघ्याखालचा पाय, घेर सरासरी 30 सेंटिमीटर, लांबी 36. झाले 1080 चौरस सेंटिमीटर. खिडकी 3 चौरस सेंटिमीटरची असेल तर एका पायाला 360 झोत. झोताला दोन-तीन सेकंद धरले तर 12 ते 18 मिनिटं. दोन्ही पायांचे 720 झोत, वीस बैठका केल्या तरी 14,400. जाहिरातीत पाच लाख, दहा लाख झोतांचे आकडे असतात, त्यांना भुलून जास्त पैसे देऊ नका. खिडकीचं माप, कातडीचा रंग ओळखणारा सेन्सर आणि सेटिंगच्या पायऱ्या किती आहेत, हे बघून घ्या.

नंतरचे दोन दिवस, नंतरचे सहा महिने

कढत पाण्याची अंघोळ, वाफ, पोहणं, घाम गाळणारा व्यायाम, घट्ट कपडे हे 24 तास टाळा. गरम वाटलं तर गार पाण्याची ओली घडी ठेवा, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावा. काखेत डिओ दुसऱ्या दिवसापासून. उघड्या भागाला पुढचे दोन आठवडे किमान एसपीएफ 30चं सनस्क्रीन.

पहिल्या आठवड्यात केस वाढल्यासारखे दिसतात आणि लोक खट्टू होतात. पण ते उगवत नसतात, बाहेर ढकलले जात असतात. दहाव्या-बाराव्या दिवशी अंग पुसताना टॉवेलला बारीक खुंट लागलेले दिसतील. बोटांनी हलकेच ओढलं तर एखादा सहज, न दुखता हातात येतो. मुळाला झोत लागल्याची ही खूण. ओढून काढत बसू नका, गळू द्या.

वेळापत्रक यंत्रागणिक बदलतं. बऱ्याच यंत्रांना सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी चार-पाच बैठका लागतात, काहींना दर आठवड्याला. मग महिन्या-दोन महिन्यांनी उजळणी. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत असेल तेच धरा. दोन बैठकांतलं अंतर कमी करून लवकर काही होत नाही, कातडी तेवढी हैराण होते. तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर फरक दिसायला लागतो. दर बैठकीआधी त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो काढून ठेवा. रोज बघणाऱ्या डोळ्यांना फरक कळत नाही.

चेहऱ्याबद्दल थोडं थांबून

ओठांवरची लव आणि हनुवटीवरचे केस याच कारणासाठी अनेकजणी यंत्र घेतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो. चेहऱ्यावरच्या बारीक, फिकट लवेवर कमी ताकदीचा प्रकाश टाकल्यावर कधीकधी उलटं होतं: लव जाड आणि काळी होते. हे सर्रास होत नाही, पण गाल, जबडा आणि मानेवर, गडद केसांच्या आणि गव्हाळ-सावळ्या कातडीच्या स्त्रियांत जास्त आढळतं. गालांवरच्या मऊ लवेला म्हणून हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. ओठांवर वापरायचं तर पुस्तिकेत चेहऱ्याची परवानगी असेल तरच, छोट्या खिडकीने, आणि नाकाच्या उंचीच्या वर कधीच नाही.

हनुवटीवर राठ केस अचानक वाढले असतील, पाळी अनियमित असेल, तर यंत्राआधी डॉक्टरांकडे जा. पीसीओएससारख्या (अंडाशयाशी निगडित) त्रासात संप्रेरकं नवनवे केस जागे करत राहतात. त्याकडे न बघता नुसता प्रकाश टाकत राहिलात तर दर वेळी नवे केस समोर येतील आणि दोष मात्र यंत्राला किंवा स्वतःला देत बसाल. पुरुषांनी दाढीवर वापरू नये. तिथले केस इतके दाट आणि काळे असतात की कातडी भाजते.

फोड आला, लाली दोन दिवसांनीही टिकली, कातडी पांढरी किंवा काळी पडू लागली, तर पुढची बैठक रद्द करा आणि त्वचातज्ज्ञांना दाखवा.

बैठक संपली की यंत्र बंद करून, गार झाल्यावर, खिडकीची काच कोरड्या मऊ कापडाने पुसून ठेवा. काचेवर चिकटलेला एक जळका खुंटही पुढच्या वेळी प्रकाश शोषतो, काच तिथे तापते, आणि त्याच ठिपक्याएवढा चटका दर झोताला बसत राहतो. पुसताना काच उजेडात तिरकी धरा. अशी धरली की ठिपका लगेच दिसतो.